खडा, तार आणि चोख व्यवहार

माझ्या कपाटाच्या तळाशी एक जुना पितळी डबा आहे. उघडून पाहणाऱ्यास त्यात दागिने असतील असे वाटते. प्रत्यक्षात आत गारगोट्या आहेत. माझे माहेर गोदाकाठचे. उन्हाळ्यात नदीचे पात्र आटले की वाळूत मधाच्या, दुधाच्या आणि विटेच्या रंगाचे खडे उघडे पडत आणि आम्ही मुली ते परकराच्या ओच्यात भरून घरी आणत असू. अंधाऱ्या खोलीत दोन गारगोट्या एकमेकींवर घासल्या म्हणजे क्षणभर फिकट उजेड चमके, तो पाहण्यासाठी आम्ही सारी भावंडे माजघराची दारे लावून बसत असू. लग्न होऊन सांगलीस आले तेव्हा आईने हसत हसत तो डबाही पेटीत ठेवला. पुढे वीस वर्षे त्याचे झाकण कोणी उघडले नाही.

तीन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत कन्येच्या हाती तो डबा लागला. “आई, यांना भोक न पाडता गळ्यात घालता येईल का?” असे तिने विचारले. त्या एका प्रश्नातून आमच्या घरी एक नवा उद्योग सुरू झाला. खड्याभोवती धातूची तार गुंफून त्याचे पदक करणे, हा तो उद्योग. यास सोनाराची भट्टी लागत नाही, डाक लागत नाही, डिंकही लागत नाही. हाताची बोटे, दोन-तीन पकडी आणि थोडा धीर एवढ्यावर काम भागते. या कलेतून मला चार पैसे मिळाले, हे खरे. परंतु त्याहून मोलाचा एक धडा मिळाला. कलेची कृती आणि तो धडा, दोन्ही वाचकांपुढे ठेवावेत म्हणून हा लेख.

खडा येतो कोठून?

महाराष्ट्राची भूमी या बाबतीत श्रीमंत आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर लाव्हारसाचे थरांवर थर पसरले. तो रस थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले आणि खडकात पोकळ्या राहिल्या. पुढे पाण्यासोबत झिरपलेल्या सिलिकेने त्या पोकळ्या भरल्या. त्यांतून अकीक, स्फटिक आणि आपण ज्यास गारगोटी म्हणतो ते सारे निर्माण झाले. जळगाव, अजिंठा, नाशिक, पुणे या भागांतील झिओलाइट खनिजांचे स्फटिक जगभरच्या संग्राहकांना ठाऊक आहेत. पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणींतून निघालेले निळेशार कॅव्हन्साइट तर विशेष प्रसिद्ध आहे. सिन्नर येथील गारगोटी संग्रहालयात हे वैभव एकत्र पाहावयास मिळते. मुलांना घेऊन एकदा तरी तेथे जावे.

मात्र पाहण्याचा खडा वेगळा आणि गळ्यात घालण्याचा वेगळा. खनिजांची कठीणता मोजण्याची जी मोजपट्टी फ्रीडरिश मोस याने १८१२ मध्ये मांडली, तीत एक म्हणजे अत्यंत मऊ आणि दहा म्हणजे हिरा. स्फटिक आणि अकीक यांचा क्रमांक सात. हवेतील धुळीतही स्फटिकाचे कण असतात. म्हणून सातपेक्षा मऊ खडा रोजच्या वापरात हळूहळू ओरखडतो. फिरोजा पाच ते सहा, मॅलाकाइट साडेतीन ते चार, आणि आपल्या जळगावची सुंदर झिओलाइट खनिजे साधारण साडेतीन ते पाच. नवशिक्याने अकीक, गुलाबी स्फटिक, जांभळा स्फटिक किंवा टायगर आय घ्यावा. पकड चुकून लागली तरी हे खडे सहसा दगा देत नाहीत.

घासूनपुसून तयार झालेला खडा बहुधा गुजरातेतील खंभातहून किंवा जयपूरहून येतो. खंभातचा अकीक-उद्योग फार पुरातन आहे. भरूच जिल्ह्यातील रतनपूरच्या परिसरातून निघालेला दगड तापवून त्याचा तांबूस रंग खुलवण्याची रीत तेथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. त्याच प्रदेशातील लोथल येथे उत्खननात सिंधू संस्कृतीच्या काळातील मणी घडवण्याचा कारखाना सापडला. या उद्योगाची दुसरी बाजूही आपण जाणून घेतली पाहिजे. अकीक घासताना उडणारी सिलिकेची धूळ श्वासावाटे फुप्फुसात साठते आणि सिलिकोसिस नावाचा असाध्य विकार जडतो. खंभातमधील कित्येक कारागीर या विकाराने गेले आहेत. म्हणून दोन गोष्टी मी स्वतःपुरत्या ठरवल्या. पहिली, घरी दगड कधीही कोरडा घासावयाचा नाही. हौसेपोटी मुलांच्या श्वासात धूळ कालवू नये. दुसरी, घासणाऱ्या कारागिराकडून थेट खडा घेताना दहा-वीस रुपयांसाठी घासाघीस करावयाची नाही.

दागिन्याच्या साहित्याचा विचार आपल्या घरांत आणखी एका अंगाने होतो. मोती शिंपल्यातील जिवाला इजा करूनच मिळतो. पोवळे, शंख, हाड आणि हस्तिदंत यांविषयी निराळे सांगण्याची गरज नाही. कुंदनकामात खड्याखाली लाख भरतात आणि लाख हा किड्यांपासून मिळणारा पदार्थ आहे. तारेने गुंफलेल्या खड्यास यांपैकी काहीच लागत नाही. ज्याचा त्याचा निर्णय ज्याने त्याने घ्यावा. परंतु ही सोय ध्यानात घेण्याजोगी आहे.

साहित्याची यादी

तार घेताना व्यापारी बुद्धी जागी ठेवावी लागते. बाजारात तारेची जाडी ‘गेज’मध्ये सांगतात, पण गेज दोन प्रकारचे असतात. मोटार गुंडाळणीच्या दुकानात ब्रिटिश पद्धतीचा गेज चालतो, तर हस्तकलेच्या साहित्यावर बहुधा अमेरिकी पद्धतीचा गेज छापलेला असतो. वीस गेजची तार एका पद्धतीत ०.९१ मिलिमीटर भरते, तर दुसरीत ०.८१. म्हणून गेज विचारूच नये, मिलिमीटर विचारावे. सांगाड्यासाठी ०.८ मिलिमीटर आणि बांधणीसाठी ०.४ मिलिमीटर, अशा दोन जाडीच्या तारा पुरतात.

धातूंपैकी आरंभास तांबे उत्तम. ते मऊ आहे, स्वस्त आहे आणि बिघडले तर मन खट्टू होत नाही. गुंडाळणीच्या तारेवर लाखेसारख्या चकचकीत लेपाचा थर असतो. सरावासाठी ती चालेल, विक्रीसाठी उघडी तार घ्यावी. हात बसल्यावर ९२.५ टक्के शुद्धतेची चांदीची तार घ्यावी. ‘जर्मन सिल्व्हर’ या नावास मात्र भुलू नये. त्यात तांबे, निकेल आणि जस्त असते. चांदीचा अंशही नसतो. निकेलमुळे अनेकांच्या त्वचेस खाज सुटते.

हत्यारे चार: चपट्या तोंडाची पक्कड, गोल निमुळत्या तोंडाची पक्कड, तार कापण्याचे कटर आणि बारीक कानस. पकडीच्या तोंडास आतून दाते नसावेत, अन्यथा तारेवर वळ उठतात. दाते असतील तर तोंडास कापडी चिकटपट्टी गुंडाळावी. डोळ्यांस चष्मा नसेल तर साधा संरक्षक चष्मा लावावा, कारण कापलेले तारेचे टोक कोठे उडेल याचा नेम नसतो.

कृती

तीन सेंटिमीटर लांब आणि दोन सेंटिमीटर रुंद असा अंडाकृती, एका बाजूने फुगीर व दुसऱ्या बाजूने सपाट खडा घ्यावा. त्याच्या कडेभोवती दोरा फिरवून परीघ मोजावा. तो सुमारे आठ सेंटिमीटर भरेल. त्यात वरच्या कडीसाठी व नक्षीसाठी दोन्ही बाजूंना सहा-सहा सेंटिमीटर मिळवावेत. म्हणजे जाड तारेचे वीस सेंटिमीटरचे तीन तुकडे हवेत. बारीक तार दीड मीटर लागते.

तिन्ही तुकडे सुती कापडातून दोन-तीनदा ओढून सरळ करावेत आणि एकमेकांस लगटून समांतर धरावेत. मध्यबिंदूवर खूण करून तेथे बारीक तारेचे पाच-सहा वेढे घट्ट घालावेत. वेढे एकमेकांवर चढू देऊ नयेत. मध्यापासून डावीकडे दोन सेंटिमीटरवर आणि उजवीकडे दोन सेंटिमीटरवर तसेच बंध घालावेत. आता या पट्टीचा मध्य खड्याच्या तळाशी धरून दोन्ही बाजू कडेने वर वळवाव्यात. मधली तार खड्याच्या बरोबर कडेवर यावी. एक तार पुढच्या अंगास राहील, एक मागच्या. माथ्यावर दोन्ही बाजू एकत्र येतात, तेथे सहाही टोके जुळवून बारीक तारेने गळा आवळावा.

खडा बाजूला काढून ठेवावा. मागच्या तारेस, दोन बंधांच्या मधोमध, पकडीने हळूच आत ओढावे. चारही घरांत असे केले म्हणजे खड्यास बैठक तयार होते. खडा पुढून आत बसवावा आणि मग पुढची तार त्याच रीतीने खड्याच्या तोंडावर किंचित ओढून घ्यावी. खडा आता चार ठिकाणी पुढून आणि चार ठिकाणी मागून धरला गेला. गळ्यावरच्या सहा टोकांपैकी मधली दोन टोके बारीक पेन्सिलीवरून मागे वळवून कडी करावी, ती गळ्याभोवती दोनदा फिरवावीत आणि उरलेला भाग कापावा. मागची दोन टोके गळ्याचा बंध झाकण्यासाठी गुंडाळावीत. पुढच्या दोन टोकांची गोल पकडीने वेलबुट्टी वळवावी.

एक सूचना विसरू नये. तांबे वाकवले की ते त्या जागी कठीण होते. म्हणूनच पूर्ण झालेले पदक आपला आकार धरून राहते. परंतु तोच बाक सरळ करून पुन्हा वाकवला, असे चार-सहा वेळा केले, की तार तुटते. म्हणून वळण्यापूर्वी विचार करावा आणि वळल्यावर शक्यतो छेडू नये.

शेवटी दोन परीक्षा घ्याव्यात. घडी घातलेल्या टॉवेलवर पदक उलटे धरून चांगले हलवावे; खडा खुळखुळता कामा नये. मग जुन्या नायलॉनच्या साडीवरून ते सर्व बाजूंनी फिरवावे. धागा कोठे अडकला तर तेथे टोक बोचरे आहे असे समजून कानस फिरवावी. ग्राहकाचा पदर फाटला तर आपली सारी कारागिरी वाया.

तांब्याची चकाकी कालांतराने मंदावते. चिंच-मीठाने ती परत येते, हे गृहिणींना सांगावयास नको. परंतु ही स्वच्छता खडा बसवण्याआधीच करावी. मॅलाकाइट, संगमरवर यांसारखे दगड आम्लाने खराब होतात आणि फिरोजासारखे सच्छिद्र दगड ओलावा शोषून घेतात. काही पुस्तकांत तार मुद्दाम काळवंडवण्यासाठी उकडलेल्या अंड्याच्या बलकाची युक्ती दिलेली असते. आपल्या घरांत ती वर्ज्यच. आणि तिची गरजही नाही. उघडे तांबे काही महिन्यांत आपणहून सुंदर तपकिरी होते.

एक चूक आणि तिची भरपाई

आता तो धडा. दुसऱ्या वर्षी महिला मंडळाच्या दिवाळीपूर्व प्रदर्शनात मी एक टेबल मांडले. एका घाऊक विक्रेत्याकडून निळ्या खड्यांचा एक लॉट आणला होता. पाकिटावर ‘फिरोजा’ असे लिहिले होते. मी तेच नाव चिठ्ठीवर उतरवले आणि किंमत ठेवली साडेचारशे रुपये. दोन दिवसांत अकरा पदके गेली. घरी येऊन मी आनंदाने पेढे वाटले.

महिन्याभराने एक ओळखीच्या भगिनी घरी आल्या. त्यांच्या पांढऱ्या ओढणीवर गळ्यापाशी निळा डाग पडला होता. त्या रागावल्या नव्हत्या, “धुऊन निघेल ना हो?” एवढेच विचारत होत्या. उरलेल्या एका खड्यावर मी नेलपॉलिश काढण्याच्या द्रवात भिजवलेला कापूस घासला. कापूस निळा झाला आणि खड्याचे अंग पांढरे दिसू लागले. तो फिरोजा नव्हता, रंगवलेला हाउलाइट होता. विक्रेत्यास दूरध्वनी केला तेव्हा त्याने शांतपणे उत्तर दिले, “ताई, त्या भावात खरा फिरोजा कोठे मिळतो? तुम्ही विचारलेच नाही.”

रात्री मी हा प्रकार मामंजींच्या कानावर घातला. आमची पेढी हळदीची. मामंजींनी पन्नास वर्षे आडतीवर हळद पाहिली आहे. बोटाने कुरवाळून तिचा कस सांगतात. मी म्हणाले, “मामंजी, मला ठाऊक नव्हते. मीच फसले.” त्यांनी चष्मा काढला.

“सूनबाई, हळदीला रंग चढवून विकणाऱ्याला आपण काय म्हणतो?”

मी गप्प राहिले.

“तोही म्हणतो, मला माल तसाच आला. आपण नाही ऐकून घेत. हळद खाणाऱ्याला कोणी रंगवली त्याच्याशी काय देणे? त्याने ती आपल्या दुकानातून नेली.” थोडे थांबून म्हणाले, “अचौर्याच्या अतिचारांत प्रतिरूपक व्यवहार सांगितला आहे. नकली माल खऱ्याच्या नावाने देणे. तू तो जाणून केला नाहीस. पण आज तुला कळले. आता उद्यापासून तो जाणून केलेला होईल.”

त्या रात्री मला झोप लागली नाही. अकरा घरी जाऊन ‘मी दिलेला खडा खोटा’ असे सांगावयाचे, तेही आपल्याच समाजात, जेथे बातमी पायाला भिंगरी लावून फिरते! गप्प बसले असते तर कोणास कळलेही नसते. पण कन्येने प्रदर्शनात प्रत्येक ग्राहकाचे नाव वहीत लिहून ठेवले होते. सकाळी तिनेच ती वही माझ्यापुढे आणून ठेवली. तिच्यापुढे मला दुसरा मार्ग उरला नाही.

अकरांपैकी नऊ जणींनी पदके परत देऊन पैसे घेतले. एकीने, “मला रंग आवडला आहे, खडा कोणताही असो,” असे सांगून पदक ठेवले. खऱ्या किमतीतला फरक म्हणून दीडशे रुपये तेवढे घेतले. एक ग्राहक परगावची होती, तिचा पत्ता लागला नाही. तिचे साडेचारशे पांजरपोळात दिले. एकूण चार हजार सहाशे पन्नास रुपये गेले. पहिल्या घराची पायरी चढताना पाय जड झाले होते. अकराव्या नावापर्यंत पोचले तेव्हा तसे काही वाटत नव्हते.

परत आलेली नऊ पदके पुढच्या प्रदर्शनात पुन्हा मांडली. चिठ्ठीवर लिहिले: ‘हाउलाइट, रंग दिलेला. पाण्यापासून व घामापासून जपावे. तीनशे रुपये.’ त्यांतली सात विकली गेली. ज्यांच्या ओढणीस डाग पडला होता त्या भगिनी यंदा पुन्हा आल्या आणि सुनेसाठी चांदीच्या तारेचे पदक सांगून गेल्या.

तेव्हापासून प्रत्येक पदकासोबत एक चिठ्ठी असते: खड्याचे नाव, तो नैसर्गिक आहे की रंगवलेला किंवा तापवलेला, आणि तारेचा धातू. रंगवणे हा दोष नव्हे, लपवणे हा दोष होय. भडक गुलाबी किंवा गर्द निळा अकीक बहुधा रंगवलेलाच असतो. ‘ओपलाइट’ म्हणून मिळणारी दुधाळ निळसर वस्तू काच असते. तिला चंद्रकांत म्हणून विकू नये. आणि खडा घातल्याने व्याधी जाईल किंवा ग्रह शांत होतील, अशी हमी देण्याचा मोह टाळावा. आपण दागिना विकतो, आश्वासन नव्हे.

वहीतला हिशेब

व्यापारी घरातील वाचकांना हिशेबावाचून लेख अपुरा वाटेल, म्हणून माझ्या वहीतील एका पदकाचा खर्च देते. अकीक ११० रुपये, तांब्याची तार १५, गोफ २०, डबी १५ आणि दोन तासांची मजुरी १६०, एकूण ३२०. बिघडणाऱ्या मालासाठी दहावा भाग, म्हणजे ३२ रुपये मिळवले की ३५२. विक्री ४५० रुपये.

वर दिलेल्या मापाने एका पदकास साडेचार ग्रॅमही तांबे लागत नाही. तीच तार चांदीची घेतली तर सुमारे पाच ग्रॅम चांदी लागते. यावरून ध्यानात येईल की या दागिन्यात धातूचे मोल अल्प आहे. मोल आहे ते हाताचे आणि शब्दाचे. अनेक भगिनी मजुरी खर्चात धरीतच नाहीत, ‘घरबसल्या तर केले’ असे म्हणतात. पेढीवर बसलेल्या मुनिमाचा पगार आपण खर्चात धरतो; मग घरी बसलेल्या सुनेचे दोन तास का धरू नयेत?

परवा माहेराहून आणलेल्या डब्यातील शेवटची मधाळ गारगोटी मी चांदीच्या तारेत गुंफली. तिला पैलू नाहीत. नदीने घासून गोल केली आहे तेवढीच. कन्येने चिठ्ठी लिहिली: ‘गोदावरीच्या पात्रातील गारगोटी. रंग निसर्गाचा. विक्रीसाठी नाही.’ मामंजींनी चष्मा लावून ती चिठ्ठी दोनदा वाचली, खडा उजेडाकडे धरून पाहिला आणि म्हणाले, “माल चोख आहे.” पन्नास वर्षांत त्यांनी हे शब्द हळदीखेरीज कशासाठी वापरल्याचे मला आठवत नाही.